क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये स्टेरॉइड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमई/सीएफएस, म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे पान लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही, अशा रुग्णाच्या घरातली आहे. या आजारात स्टेरॉइडचा त्रास आणि मूळ आजार हुबेहूब सारखे दिसतात, त्यामुळे त्रास होऊनही तो कोणाच्या लक्षात येत नाही. खालची बहुतेक उत्तरं या एका काळजीतून आली आहेत. एक विनंती मात्र आधीच करते. सध्या स्टेरॉइड चालू असेल तर हे वाचून मनाने बंद करू नका. असं करणं जिवावर बेतू शकतं.

एमई/सीएफएस म्हणजे नुसता थकवाच ना?

नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली निदानाचे जे निकष दिले त्यांत सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेला, कामं बरीच कमी करणारा थकवा तर आहेच. त्याशिवाय झोपूनही ताजंतवानं न वाटणं आणि श्रमानंतर येणारी घसरण हवी. शिवाय डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं, यांपैकी एक तरी हवं. यात श्रमानंतरची घसरण, ज्याला रुग्ण सरळ ‘क्रॅश’ म्हणतात, ती या आजाराची खूण आहे. आज जास्त हालचाल झाली तर तिची किंमत बहुतेक वेळा लगेच मोजावी लागत नाही, एकदोन दिवसांनी मोजावी लागते. स्टेरॉइडचा प्रश्न कळायला हा उशीर ध्यानात ठेवा.

इथे कोणत्या स्टेरॉइडबद्दल बोलतोय? जिमवाले घेतात ते?

ते नव्हे. इथे विषय कॉर्टिकोस्टेरॉइडचा आहे: हायड्रोकॉर्टिसोन, प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन. आपल्याकडच्या स्ट्रिपवर वायसोलोन, ऑम्नाकॉर्टिल, मेड्रॉल, डेक्सोना, बेटनेसोल अशी नावं दिसतात.

गोळी लहान दिसते म्हणून डोस लहान असतो असं नाही. हायड्रोकॉर्टिसोनचे २० मिलिग्रॅम, प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम, मिथाइलप्रेडनिसोलोनचे ४ मिलिग्रॅम आणि डेक्सामेथासोनचे जेमतेम पाऊण मिलिग्रॅम यांची ताकद साधारण सारखी धरतात. ‘अर्ध्या मिलिग्रॅमचीच तर गोळी आहे’ असं कोणी म्हणालं तर ती कशाची, हे आधी विचारा.

थकव्यावर स्टेरॉइड द्यायची कल्पना आली कुठून?

१९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि ती व्यक्ती थोड्याच दिवसांत हिंडूफिरू लागली. १९५० साली या कामाला नोबेल मिळालं. दुष्परिणामांचा हिशोब पुढच्या काही वर्षांत समोर आला, पण ‘गोळी घेतली आणि माणूस उठून उभा राहिला’ ही प्रतिमा लोकांच्या मनातून गेली नाही.

सीएफएसच्या बाबतीत आणखी एक कारण होतं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना या रुग्णांमध्ये कॉर्टिसॉल, म्हणजे आपल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून स्रवणारं नैसर्गिक स्टेरॉइड, निरोगी माणसांपेक्षा थोडं कमी सापडलं. कमी आहे तर बाहेरून भरून काढावं, असा साधा विचार पुढे आला. ही घट सहसा सौम्य असते आणि ती सगळ्यांमध्ये दिसत नाही. महिनोन् महिने पडून राहणं, झोपेचं चक्र बिघडणं यांनीही कॉर्टिसॉल खाली येतं. त्यामुळे ती आजाराचं कारण आहे की परिणाम, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही.

मग प्रयोग झाले का? त्यांत काय निघालं?

झाले, आणि चांगल्या पद्धतीने झाले. तीन सांगते.

पहिला अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचा, १९९८ साली प्रसिद्ध झालेला. ७० रुग्ण होते, साधारण १२ आठवडे चालला. हायड्रोकॉर्टिसोनचा मोठा भाग सकाळी आणि थोडा दुपारी दिला जात होता. दिवसाला मिळून २५ ते ३० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे शरीर स्वतः तयार करतं त्याच्या किंचित वर. रुग्णांना स्वतःची तब्येत १०० गुणांच्या पट्टीवर मोजायची होती. औषध घेणाऱ्यांचे सरासरी सहाएक गुण वाढले आणि खोट्या गोळीवाल्यांचे, म्हणजे तुलनेसाठी औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचे, दोनाच्या आत. फायदा झाला म्हणायला झाला. पण भूक वाढली, वजन वाढलं, झोप उडाली. गंभीर गोष्ट वेगळीच होती: औषध घेणाऱ्या १२ जणांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावल्याचं चाचणीत दिसलं, खोट्या गोळीच्या गटात असं एकही नव्हतं. संशोधकांनी स्वतःच निष्कर्ष काढला की ही किंमत पाहता हा उपचार व्यवहारात वापरता येणार नाही. एवढ्या ‘कमी’ डोसने तीन महिन्यांत हे झालं होतं.

दुसरा लंडनचा, १९९९ चा. यात डोस आणखी कमी, रोज ५ किंवा १० मिलिग्रॅम, आणि प्रत्येक टप्पा २८ दिवसांचा. ३२ जणांपैकी ९ जणांचा थकवा हायड्रोकॉर्टिसोनवर असताना सर्वसामान्य माणसाच्या पातळीवर आला, खोट्या गोळीवर ३ जणांचा. ग्रंथी मंदावल्याचं आढळलं नाही. आशा वाटावी असा हा प्रयोग होता, आणि स्टेरॉइडच्या बाजूने बोलणारे आजही त्याचाच दाखला देतात. पण गोळी थांबताच फायदाही ओसरला. महिनाभराच्या प्रयोगावरून वर्षानुवर्षं गोळी घ्यावी असं म्हणता येत नाही.

तिसरा बेल्जियमचा, २००३ चा. १०० रुग्णांवर, ५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनबरोबर फ्लुड्रोकॉर्टिसोन (शरीरात मीठ-पाणी धरून ठेवणारं स्टेरॉइड) जोडून, तीन-तीन महिने. खोट्या गोळीपेक्षा काही वेगळं निघालं नाही.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००७ च्या मार्गदर्शिकेत या आजारावर उपचार म्हणून हायड्रोकॉर्टिसोनसारखी स्टेरॉइड वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं. २०२१ ची नवी मार्गदर्शिका आणखी पुढे जाऊन सांगते की एमई/सीएफएस बरा करण्यासाठी म्हणून कोणतंच औषध देऊ नये. त्रासदायक लक्षणांवर वेगवेगळी औषधं देता येतात, तो भाग निराळा.

पण मला पहिल्या आठवड्यात खरोखर बरं वाटलं. तो भास होता का?

भास नव्हता. स्टेरॉइडने मेंदूला तरतरी येते, अंगदुखी दबते, भूक लागते, मूड उंचावतो. वर्षानुवर्षं अंथरुणावर असलेल्या माणसाला हे वाटणं म्हणजे काय, हे मी जवळून पाहिलं आहे. माझ्या धाकट्या बहिणीला अंगदुखीसाठी एका डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन सुरू केलं. चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली म्हणून गेले, तर ती ओट्याखालचे सगळे डबे बाहेर काढून पुसत बसली होती. चेहरा लालबुंद, हात भराभर चालत होते. ‘ताई, मला कळतच नाहीये मी दमलेय का,’ ती म्हणाली. आई दारात उभी राहून रडत होती, आनंदाने. पुढच्या आठवड्यात बहीण कूस बदलायलाही मदत मागत होती.

तिच्या त्या वाक्यातच सगळं आलं. एमई/सीएफएसमध्ये शरीराची श्रम पेलायची मर्यादा स्टेरॉइडने वाढते असं कोणत्याही प्रयोगात दिसलेलं नाही. मर्यादा आली हे सांगणारी सूचना तेवढी दबते. रुग्ण आपली हद्द ओलांडतो, आणि क्रॅश एकदोन दिवस उशिरा येत असल्याने गोळीशी त्याचा संबंध कोणी लावत नाही. वर ‘औषधाने गुण आला होता, डोस कमी पडला’ असा अर्थ काढून डोस वाढवला जातो. ही उसनवारी आहे, आणि व्याज दुसऱ्याच तारखेला वसूल होतं.

दुसऱ्या एखाद्या आजारासाठी स्टेरॉइड घ्यावंच लागलं तर त्या दिवसांत हालचालीची मर्यादा गोळी सुरू होण्याआधीची होती तीच ठेवा. बरं वाटतंय म्हणून कामं काढू नका. घरच्यांनीही ‘आज बरी दिसतेस, चल जरा फिरून येऊ’ म्हणू नये.

स्टेरॉइडचे कोणते त्रास मूळ आजाराचेच वाटतात?

हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही, पण मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

*पायांतली ताकद जाणं.* काही आठवडे-महिने गोळी चालली की मांड्या आणि कंबरेचे स्नायू झिजू शकतात. मांडी घालून बसल्यावर हाताचा टेकू दिल्याशिवाय उठता येत नाही, संडासात बसून उठताना नळ धरावा लागतो, जिन्याच्या पायऱ्या नकोशा होतात. दुखत नाही आणि रक्तातला स्नायूंचा रिपोर्ट बहुतेक वेळा नॉर्मल येतो, म्हणून ‘आजार वाढला’ असं धरलं जातं. एमई/सीएफएसची दुर्बलता दिवसागणिक कमीजास्त होते, श्रमानुसार बदलते. स्टेरॉइडची दुर्बलता रोज तशीच असते आणि मांड्या-दंडांत जास्त असते. हा फरक डॉक्टरांना आवर्जून सांगा.

*झोप.* या आजारात झोप आधीच बिघडलेली असते. गोळी संध्याकाळी घेतली तर ती पारच उडते. पुढच्या दिवसाचं डोकं न चालणं मग आजाराच्या खात्यात जातं. परवानगी असेल तर पूर्ण डोस सकाळी नाश्त्यानंतर घ्यावा.

*साखर.* सकाळच्या प्रेडनिसोलोनने साखर चढते ती बहुतेक दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी. उपाशीपोटीचा रिपोर्ट चांगला येतो आणि सगळे निर्धास्त राहतात. तहान, वारंवार लघवी, दुपारी येणारी गुंगी असेल तर जेवणानंतर दोन तासांनी साखर बघा.

*छातीत धडधड, उभं राहिल्यावर कसंतरी होणं.* हे आजारातही असतं. पण स्टेरॉइडने पोटॅशियम खाली येऊन किंवा रक्तदाब वर जाऊनही असंच वाटू शकतं. एक रक्ततपासणी आणि रक्तदाबाचं माप, एवढ्यात उलगडा होतो.

*वारंवार येणारी कणकण आणि घसादुखी.* एमई/सीएफएसमध्ये ती संसर्गाशिवायही येते. स्टेरॉइडवर असताना उलट होतं: खरा संसर्ग असूनही ताप चढत नाही. म्हणून ‘ही नेहमीचीच कणकण’ हे गृहीत धरणं गोळी चालू असताना सोडून द्या.

याशिवाय चेहरा गोल होणं, पोटाचा घेर वाढणं, कातडी पातळ होऊन सहज निळे डाग पडणं, मोतीबिंदू, डोळ्यातला दाब वाढणं, मांडीच्या हाडाचा खुबा खराब होणं हे ओळखीचे दुष्परिणाम आहेतच. खुब्यात किंवा जांघेत नवं दुखू लागलं आणि लंगडायला झालं तर एक्स-रे साधा आला तरी एमआरआयबद्दल विचारा. सुरुवातीच्या काळात एक्स-रेत हे दिसत नाही.

गोळी कमी केली की पूर्वीपेक्षाही जास्त आजारी वाटतं. म्हणजे मला स्टेरॉइडची गरज आहे?

असं वाटणं अगदी साहजिक आहे, आणि फसवंही. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मेंदू अ‍ॅड्रिनल ग्रंथींना काम द्यायचं थांबवतो. गोळी काढली तरी ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत. काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंत वेळ लागू शकतो. मधल्या काळातली लक्षणं अशी: प्रचंड थकवा, सांधे आणि स्नायू दुखणं, उभं राहिलं की चक्कर, मळमळ, भूक न लागणं, डोक्यात धुकं. ही यादी एमई/सीएफएसच्या यादीशेजारी ठेवून बघा, म्हणजे डॉक्टरांचीही गफलत का होते ते कळेल.

यात एक धोक्याची गोष्ट आहे. हे सगळं ‘तुझा जुनाच आजार’ म्हणून सोडून दिलं तर ग्रंथी खरोखर झोपलेल्या असताना रुग्णाला संरक्षण मिळत नाही. उलट दर वेळी पुन्हा गोळी चालू करून दिली तर सुटका होत नाही. यातून मार्ग म्हणजे डोस फार सावकाश उतरवणं आणि मध्ये सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी करणं. एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, हे काम चांगलं करतात. जिल्ह्याच्या ठिकाणी ते नसले तर अनुभवी एमडी फिजिशियन.

पाच-सात दिवसांच्या कोर्सनेही असं होतं का?

साधारणपणे तीन-चार आठवड्यांपेक्षा कमी काळ घेतलेली गोळी ग्रंथींच्या भीतीपोटी सावकाश उतरवायची गरज नसते, असं एंडोक्रायनॉलॉजीच्या युरोपीय आणि अमेरिकी संस्थांची २०२४ ची संयुक्त मार्गदर्शिका सांगते. वर्षभरात असे छोटे कोर्स पुन्हा पुन्हा झाले असतील तर मात्र गणित बदलतं. झोप, मूड, साखर आणि वर सांगितलेला क्रॅश हे त्रास छोट्या कोर्समध्येही होतात.

कॉर्टिसॉलची तपासणी कधी करावी? रिपोर्ट कसा वाचायचा?

रक्त सकाळी आठच्या सुमारास द्यायचं. संध्याकाळच्या नमुन्याचा उपयोग नाही, कारण तेव्हा ते सगळ्यांचंच कमी असतं. प्रेडनिसोलोन चालू असेल तर त्या दिवसाची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. गोळीचा अंश काही चाचण्यांत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजला जातो आणि आकडा खोटा वर येतो. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेननेही तो फुगतो, म्हणून लॅबला आणि डॉक्टरांना सगळी औषधं सांगा.

स्टेरॉइड उतरवताना डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर आकडा आला तर ग्रंथी पूर्ववत झाल्या असं धरतात. ५ च्या खाली आला तर शरीराच्या गरजेपुरता डोस चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा बघतात. मधल्या आकड्यांना एसीटीएच, म्हणजे ग्रंथींना कामाला लावणारं संप्रेरक, देऊन करायची चाचणी लागू शकते.

स्टेरॉइड कधीच घेतलं नसताना आकडा फार खाली आला तर तो सीएफएसचा म्हणून सोडू नका. अ‍ॅडिसन्ससारखा, म्हणजे कॉर्टिसॉल तयार करणाऱ्या ग्रंथीच निकामी होण्याचा, आजार असू शकतो. आपल्या देशात क्षयरोगाने अ‍ॅड्रिनल ग्रंथी खराब होणं हे त्याचं जुनं आणि ओळखीचं कारण आहे. तिथे हायड्रोकॉर्टिसोन आयुष्यभर घ्यावं लागतं आणि ते घेतलंच पाहिजे.

‘अ‍ॅड्रिनल फटीग’ म्हणून ऑनलाइन लाळेची चाचणी आणि कॅप्सूल मिळतात. घ्याव्यात?

नाही. या नावाचा आजार एंडोक्रायनॉलॉजीच्या संस्था मानत नाहीत. अशा काही कॅप्सूलमध्ये जनावरांच्या ग्रंथींचा अर्क असतो, आणि त्यात नेमकं काय व किती उतरलंय हे डबीवरून कळत नाही.

माझ्या कार्डिओलॉजिस्टनी फ्लुड्रोकॉर्टिसोन दिलंय. तेही स्टेरॉइडच ना?

हो, पण त्याचं मुख्य काम मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवणं हे आहे. उभं राहिल्यावर नाडी धावणं किंवा रक्तदाब पडणं यावर ते देतात. सीएफएसच्या रुग्णांवर त्याचा मोठा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. १०० जणांना नऊ आठवडे औषध किंवा खोटी गोळी दिली. औषधावर १४ टक्के लोकांना ठळक सुधारणा वाटली, खोट्या गोळीवर १० टक्के. म्हणजे सीएफएसवर म्हणून त्याचा उपयोग दिसला नाही. एखाद्या रुग्णाला फक्त उभं राहण्याच्या त्रासापुरता गुण येऊ शकतो, तो डॉक्टरांनी बघून ठरवायचा विषय आहे. पोटॅशियम उतरणं, पायावर सूज, डोकेदुखी, आडवं असताना रक्तदाब चढणं याकडे लक्ष ठेवावं लागतं. सुरू केल्यावर काही आठवड्यांतच पोटॅशियम तपासून घ्या.

इनहेलर, नाकातला स्प्रे, मलम, गुडघ्यातलं इंजेक्शन: यांचाही त्रास होतो?

फार कमी होतो, पण अगदीच होत नाही असं नाही. नेहमीच्या डोसचा इनहेलर किंवा नाकातला स्प्रे या भीतीने बंद करू नका. इनहेलर घेतल्यावर गुळण्या करा. सांध्यात किंवा मणक्याजवळ दिलेलं इंजेक्शन मात्र शरीरभर पसरतं. पुढचे काही दिवस साखर चढणं, चेहरा लाल होणं, झोप न लागणं होऊ शकतं आणि कॉर्टिसॉलही काही काळ दबतं. बुरशीवरच्या इट्राकोनाझोलसारख्या काही औषधांबरोबर साध्या इनहेलरचं स्टेरॉइडही रक्तात साठून राहतं. त्वचेचे डॉक्टर आणि छातीचे डॉक्टर वेगळे असतील तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवा.

मला दमा आहे, किंवा संधिवात. मग मी स्टेरॉइडला नाहीच म्हणू का?

मुळीच नाही. दम्याचा मोठा झटका, जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी, डोक्याच्या रक्तवाहिन्यांची सूज, ल्युपस, किडनीचे काही आजार यांत स्टेरॉइड जीव आणि डोळे वाचवतं. एमई/सीएफएस आहे म्हणून ते नाकारणं चूक ठरेल. विरोध आहे तो नुसत्या थकव्यावर आणि अंगदुखीवर ते देण्याला.

डॉक्टरांना एवढं जरूर सांगा की या आजारात अनेकांना औषधं सोसत नाहीत. नाइसची २०२१ ची मार्गदर्शिकाही नेहमीपेक्षा कमी डोसने सुरुवात करून सोसेल तसा वाढवण्याचा विचार करा म्हणते. आणीबाणीत मात्र डोस कमी करायचा हट्ट धरू नका.

कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलं, तेव्हापासून थकवा गेलेला नाही. संबंध असेल?

काही जणांत असू शकतो. २०२० च्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी प्रयोगात ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोनने वाचताना दिसले. डोस होता रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना फायदा दिसला नव्हता. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत ते घरच्या घरी, ताप आला की लगेच, आणि कितीतरी जास्त दिवस घेतलं गेलं. २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसची जी लाट पाहिली तिच्यामागे मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेक ही मोठी कारणं होती.

म्हणून कोविडनंतरच्या थकव्याला लाँग कोविड किंवा सीएफएस हे नाव देण्याआधी किती दिवस, कोणतं स्टेरॉइड घेतलं ते जुन्या कागदांतून काढा आणि सकाळचं कॉर्टिसॉल एकदा बघून घ्या. २०२३ साली येल विद्यापीठाच्या संशोधकांना लाँग कोविडच्या रुग्णांमध्ये कॉर्टिसॉल इतरांच्या जवळजवळ निम्मं आढळलं, तेव्हापासून हायड्रोकॉर्टिसोन घ्यावं का अशी विचारणा वाढली आहे. सीएफएसमध्ये तीस वर्षांपूर्वी नेमका हाच तर्क होता. त्याचं पुढे काय झालं ते वर आलंच आहे.

आमचे डॉक्टर पुडीत बांधून गोळ्या देतात. त्यात स्टेरॉइड आहे का, कसं ओळखू?

नुसतं बघून ओळखता येत नाही. अंगदुखी एका दिवसात गायब होणं, अचानक वाढलेली भूक, रात्रीची तरतरी, काही आठवड्यांत गोल होत गेलेला चेहरा आणि पुडी संपताच पुन्हा आडवं होणं असं चक्र दिसलं तर संशय घ्या. सांधेदुखीवरच्या, बिनलेबलच्या ‘देशी’ चूर्णांतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. औषधाचं नाव लिहून मागणं हा तुमचा हक्क आहे. ‘डॉक्टर, मला दुसरीकडेही दाखवायचं असतं, नाव लिहून द्याल का?’ एवढं विचारलं तरी पुरतं. ही औषधं शेड्यूल एच मधली आहेत, मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा आणणं आपल्याच हाताने थांबवायला हवं.

स्टेरॉइडवर असताना चिडचिड, भीती, वेडेवाकडे विचार आले. हे मनाचं की औषधाचं?

औषधाचं असू शकतं. १९७२ सालच्या बोस्टनच्या अभ्यासात दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्या १.३ टक्के रुग्णांना मानसिक त्रास झाला, ८० च्या वर घेणाऱ्यांत १८.४ टक्क्यांना. एमई/सीएफएसच्या रुग्णांना आधीच ‘सगळं मनाचं आहे’ हे ऐकून ऐकून वीट आलेला असतो. त्यामुळे ते हा त्रास बोलतच नाहीत, आणि बोलले तर तो त्याच खात्यात टाकला जातो. कृपया बोला, आणि गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली तेही सांगा. आत्महत्येचे विचार आले किंवा माणूस भ्रमिष्टासारखं वागू लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दुसऱ्या आजारासाठी स्टेरॉइड घ्यावंच लागणार आहे. आधी काय बघून घेऊ?

साखर, रक्तदाब, वजन. घरात कोणाला क्षयरोग होता का, हे न विसरता सांगा, कारण दबलेला क्षय स्टेरॉइडने उठू शकतो. महिनोन् महिने अंथरुणावर असलेल्यांनी हाडांचा विषय स्वतः काढावा. पडून राहिल्याने आणि ऊन न मिळाल्याने हाडं आधीच कमजोर असतात, आणि स्टेरॉइडने होणारी झीज पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यांत वेगाने होते. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि लागल्यास हाडांचं औषध सुरुवातीपासून असावं.

लगेच हॉस्पिटल गाठायचं कधी?

काही आठवडे स्टेरॉइड चालू असताना किंवा नुकतं बंद केलेलं असताना उलट्या-जुलाब, रक्तदाब पडणं, भयंकर ग्लानी, बरळणं, शुद्ध हरपणं यांतलं काही झालं तर ती अ‍ॅड्रिनल आणीबाणी समजा. दारातच सांगा: ‘पेशंट स्टेरॉइडवर होता.’ हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाइन लागतं, आणि त्यासाठी रिपोर्टची वाट पाहत नाहीत. तापात किंवा ऑपरेशनच्या वेळी डोस तात्पुरता वाढवावा लागतो, तो किती हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. पाकिटात एक चिठ्ठी असू द्या: औषधाचं नाव, डोस, कधीपासून. काळी शौच, तीव्र पोटदुखी, अचानक अंधुक दिसणं यासाठीही थांबू नका.

त्रास झाला तर कुठे कळवायचं?

आधी औषध देणाऱ्या डॉक्टरांना. जाताना एका कागदावर तारखा उतरवा: गोळी कधी सुरू, कधी वाढली, कधी कमी, क्रॅश कोणत्या दिवशी. डॉक्टर पाच मिनिटं देणार असतील तर हा कागद तोंडी हकिगतीपेक्षा जास्त काम करतो. त्यानंतर गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालणाऱ्या फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडियाला, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या उपक्रमाला, कळवता येतं. हेल्पलाइन १८००-१८०-३०२४, फोन मोफत. रुग्ण स्वतः कळवू शकतो, डॉक्टरांची सही लागत नाही. अनेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही याचं केंद्र असतं, बहुधा औषधशास्त्र विभागात. फॉर्ममध्ये आजाराच्या रकान्यात ‘अशक्तपणा’ असं लिहू नका, एमई/सीएफएस असं स्पष्ट लिहा. श्रमानंतरच्या घसरणीला वेगळा रकाना नाही, म्हणून ती किती तासांनी आली आणि किती दिवस टिकली हे मोकळ्या जागेत लिहा.